त्रेचाळीस हिरव्या पुड्या

च्याई, १० डिसेंबर

काका,

तुमच्या बेटावर वारा सुटला असेल. इथेही सुटलाय, पण फक्त आमच्या मशीन रूममध्ये. खरं तर हे फोनवर सांगायचं काम. पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या काकूंना मधे घातलं तर "पेई-शानच्या मशीनला भोक पडलंय" असा निरोप तुमच्यापर्यंत पोचायचा. म्हणून लिहितेच.

काल सकाळी बातमी आली. फॉर्म आणि रिपोर्ट इकडून तिकडे हलवणारा जो प्रोग्राम आपल्या रुग्णालयाच्या सगळ्या सर्व्हरवर चालतो, तुम्हीच अठरा वर्षांपूर्वी आणलेला, त्यात एक खोट सापडली आहे. दाराला कुलूप आहे, पण बाहेर उभं राहून ठरावीक शब्दांत हुकूम सोडला की आतला नोकर तो मुकाट पाळतो. पासवर्ड विचारत नाही, कोण तुम्ही म्हणत नाही. हुकूम देणारा जगात कुठेही बसलेला असू शकतो. कंपनीने स्वतःच धोक्याला दहापैकी दहा मार्क दिलेत. आपल्या पोराला नापास करताना आईबाप सहसा एवढे उदार नसतात.

दुरुस्ती निघाली आहे. एका मशीनला वीस मिनिटं लागतात, पण तेवढा वेळ ते बंद ठेवावं लागतं. आणि उपसंचालक येन म्हणतात, मान्यतेचं तपासणी पथक सोमवारी येतंय, ते जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मी म्हटलं, "साहेब, चोर काही तपासणीचं वेळापत्रक बघून येत नाहीत." तर म्हणाले, "तुमच्या काकांच्या वेळी असलं कधी झालं नाही." आपल्या मशीन रूममधला गाओ मागून पुटपुटला, "त्यांच्या वेळी चोर पायी यायचे." येननी ऐकलं. आता गाओच्या रजेचं काय होतंय बघू.

येनना मी पाहून घेईन. मला भीती वेगळीच आहे. मशीन किती आहेत हेच धड कुणाला माहीत नाही. तुमच्या वहीत छत्तीस लिहिलीत, त्यातली निम्मी मोडीत गेली, आणि नंतर आलेली कुणी लिहिलीच नाहीत. एक जरी राहिलं तरी त्या एकातून शिरून बाकी सगळी ताब्यात घेतील. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा किती होती, कुठे कुठे होती, आठवेल तेवढं उलट टपाली कळवा.

फाटकाबाहेरचा थ्येन-फू रोज तुमची चौकशी करतो. टर्की-भाताचा गाडा अजून चालवतो. डायलिसिसला सोमवार-बुधवार-शुक्रवार आपल्याकडेच येतो. मला म्हणाला, "तुमची मशीन बिघडली तर मी कुठे जाऊ? माझी दोन्ही मूत्रपिंडं तुमच्याच तळमजल्यावर आहेत." हसत म्हणाला.

पेई-शान

*

शीयू, पंघू बेटं, १२ डिसेंबर

पोरी,

दहापैकी दहा! मला आयुष्यात कशातच मिळाले नाहीत. माझ्या हाताने आणलेल्या प्रोग्रामला तरी मिळाले.

थट्टा पुरे. येनना सांग, खुन-छंग म्हणतो: तासाचा त्रास आज सोसला नाही तर महिन्याचा उद्या सोसावा लागेल. तो माणूस वाईट नाही, फक्त वरच्याला घाबरतो. पथकापेक्षा मोठी भीती दाखव, हलेल. "उद्या पेपरात नाव छापून आलं तर ते तुमचं असेल," एवढं म्हण.

आता तुझा प्रश्न. आकडा माझ्या डोक्यात नाही. चाळीसच्या वर होती एवढं नक्की. जुनी वही मागच्या वादळात भिजली, तिची पानं आता एकमेकांना सोडत नाहीत. पण तुला वही लागणारच नाही. पुड्या शोध.

तीस वर्षांत मी एकही मशीन डोक्यावर खाऊची पुडी ठेवल्याशिवाय चालू ठेवलं नाही. हिरवीच पुडी, नारळाच्या चवीची. पिवळी ठेवली की मशीन रुसतं, लाल ठेवली की तापतं, हे तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तेव्हा तू तोंडावर हात ठेवून हसली होतीस. आणि पहिली रात्रपाळी झाल्यावर स्वतःच्या पैशाने डझनभर पुड्या घेऊन आलीस! पुडीवर नाव काय, तर 'शहाण्यासारखं वाग'. मशीनला सांगायचं एवढंच असतं. दरसाल नव्या वर्षाआधी जुन्या काढायच्या, नव्या ठेवायच्या, तारीख उलटू द्यायची नाही. येनसुद्धा ठेवतात, त्यांच्या प्रिंटरवर बघ.

तेव्हा खोली न् खोली फीर. जिथे पुडी, तिथे मशीन. तारीख उलटलेली पुडी दिसली तर समज ती माझ्या हातची आणि ते मशीन तुम्ही विसरला होतात. वहीपेक्षा पुडी खरी. वहीत लिहायचा मी कंटाळा करायचो, पुडीचा कधी केला नाही.

थ्येन-फूला सांग, केळं खाल्लंस तर विमान करून येईन आणि कानाखाली देईन. डॉक्टरांनी त्याला पोटॅशियम वाढतं म्हणून फळं बंद केलीत, आणि हा गाड्याखाली केळी लपवतो. वीस वर्षं त्याचा भात खाल्लाय मी, एकदाही पैसे मोजून घेतले नाहीत त्याने.

काका

*

च्याई, १६ डिसेंबर

काका,

झालं! जिवात जीव आला.

तुमचा डायलॉग मी येनना जसाच्या तसा ऐकवला. त्यांनी कॅलेंडर पाहिलं, मग म्हणाले, "सोमवारच्या आधी करा." रविवारी सकाळी सहाला सुरू केलं. गाओने आधी नेटवर्कच्या जाळ्यातून हाक मारून पाहिली, एकेचाळीस मशीननी ओ दिली. मग आम्ही दोघं विजेऱ्या घेऊन तुमच्या पुड्यांच्या मागावर निघालो. जुनी इमारत, नवी इमारत, लिफ्टच्या वरची खोली, शवागाराशेजारची खोली. तिथे गाओ एकटा जाईना, मलाच पुढे घातलं. एकही खोली सोडली नाही.

आणि काका, तुमचंच खरं निघालं. हाकेला ओ न देणारी आणखी दोन सापडली, दोन्हींवर चार वर्षं शिळ्या पुड्या. वेगळ्या तारेवर होती म्हणून हाक पोचली नव्हती. गाओ पुडीपुढे हात जोडून उभा राहिला. एकूण त्रेचाळीस पुड्या, त्रेचाळीस मशीन. संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्यांची दुरुस्ती बसली. कोपऱ्याकोपऱ्यात मेलेली मशीनही दिसली, धुळीत झाकलेली, आठ असतील. त्यांच्यावर पुडी नव्हती. ती तशीच सोडली, मढ्याला कोण औषध पाजतं?

येननी यादीखाली माझा शिक्का मागितला. 'रुग्णालयातील सर्व मशीन दुरुस्त झाली' असं वर छापलेलं, खाली माझं नाव. मी लाल शाईत बुडवून ठसठशीत उठवला. येननी कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मला चहा विचारला.

पथक सोमवारी आलं आणि हसत गेलं. थ्येन-फूला तुमचा निरोप दिला. म्हणाला, "त्याला सांग, विमानाचं भाडं परवडतं का बघ, मग कानाखाली दे." आणि मला भातावर दुप्पट टर्की वाढली.

खरंच सांगते, गेले चार दिवस मी जेवले नव्हते धड.

पेई-शान

*

शीयू, १८ डिसेंबर

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा चष्म्याने, एकदा बिनचष्म्याने, कारण पाठ झालं होतं. शेजारच्या काकूंनाही दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण 'खुन-छंगची पुतणी साहेब झाली' म्हणत त्यांनी वाटीभर शेंगदाणे दिले.

मासा तळताना तेल उडालं आणि उजव्या हाताचं बोट चांगलंच भाजलं. त्यामुळे अक्षर असं वेडंवाकडं. वारा एवढा आहे की विमानं दोन दिवस बंद, हे पत्र कधी निघेल ते पोस्टमास्तरलाही माहीत नाही. तो म्हणाला, "लिहून ठेवा, वाचायला घाई कुणाला आहे?"

घरात एकटा बसलो की जुन्या गोष्टी आठवतात. तुला एक कधी सांगितली नाही, कारण मीच नियम मोडला होता. आता तू जिंकलीस तर सांगतो.

जुन्या इमारतीत कपड्यांच्या कोठीमागे माझी म्हातारी होती. माणूस नव्हे, मशीन. पुराच्या वर्षी तळमजला पाण्यात गेला तेव्हा मोडीतलं एक मशीन उचलून मी प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डात पोचवायला लावलं होतं, दोन दिवसांपुरतं. ते दोन दिवस अकरा वर्षं चालले. मोडीतलं म्हणून त्याला नंबर नाही, वहीत नोंद नाही, तारही वेगळीच. साथीच्या वर्षी डॉक्टरांना घरून रिपोर्ट दिसावेत म्हणून मीच त्याला बाहेरची वाट करून दिली. एकदाही बंद पडलं नाही. माझ्या हातची सगळी मशीन कधी ना कधी रडली, ही नाही.

निवृत्तीच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो. वाटलं, काहीतरी आठवण न्यावी. तिच्या डोक्यावरची पुडी उचलून खिशात घातली. नवी ठेवायला खालच्या दुकानात गेलो तर हिरव्या संपलेल्या. नुसत्या पिवळ्या. पिवळी कशी ठेवणार? म्हटलं, उद्या आणू. आणि उद्या माझं कार्डच दाराला चालेना! तीस वर्षं जे दार मी उघडलं त्याने मला ओळखलंच नाही. पहारेकरी म्हणाला, "काका, तुम्ही काल निवृत्त झालात." गाओला निरोप समारंभात सांगितलं होतं बहुतेक, दुसरी ठेव म्हणून. त्याने ठेवली असेलच.

ती पुडी अजून माझ्या टेबलावर आहे. उघडलेली नाही. कधी कधी तिच्याशी बोलतो. ऐकू न येणाऱ्या माणसाला बरं असतं, समोरचा काही म्हणत नाही.

येत्या उन्हाळ्यात ये इकडे. ताजा मासा खाऊ.

काका

*

च्याई, २७ डिसेंबर

काका,

चार ओळीच लिहिते, वेळ नाही. वर्षअखेरीची कामं आहेत. आम्ही सगळे ठीक आहोत. थंडीमुळे थ्येन-फूचा गाडा काही दिवस बंद आहे.

तुमच्या बोटाचं कसं आहे? मलम लावा, नुसतं पाण्याखाली धरून बसू नका. वाऱ्यात बाहेर पडू नका.

मी लगेच लिहिलं नाही तर काळजी करू नका.

पेई-शान

*

शीयू, २ जानेवारी

पेई-शान,

काळजी करू नका म्हणतेस. आज सहकारी संघातून मासे आणले, ते ज्या कागदात बांधले होते तो २४ तारखेचा पेपर. माशाचं रक्त पुसून वाचला. 'च्याईतील रुग्णालयाचे संगणक ओलीस, शेकडो रुग्णांचे हाल.' नाव छापलं नव्हतं, पण फोटोत फाटक होतं, आणि थ्येन-फू ज्याखाली गाडा लावतो ते झाड.

खाली लिहिलं होतं की एक जुनं मशीन दुरुस्तीतून राहून गेलं, त्यातून हल्लेखोर शिरले. कुणाचं होतं ते? तू तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस केलीस. नक्की कुठल्यातरी डॉक्टरने आपल्या खोलीत परस्पर आणून ठेवलं असेल आणि कुणाला सांगितलं नसेल. अशा माणसाला फाटकाला बांधला पाहिजे. तू रक्त आटवायचं, दारं-खिडक्या लावायच्या, आणि एका गाढवाने परसदार उघडं ठेवायचं! मी तिथे असतो तर त्याची गचांडी धरून विचारलं असतं, बाबा, एक शब्द सांगायला तुझं काय जात होतं?

मला लपवलंस याचा राग आलाय, पण तो नंतर. तुझ्यावर काही शेकत नाही ना? त्या कागदावर तुझा शिक्का आहे, त्याचीच मला धास्ती.

सोबत वाळवलेले स्क्विड पाठवतो. थ्येन-फूच्या बायकोला दे. आ-ग्वेईला आवडतात. त्याला मात्र वासही घेऊ देऊ नको म्हणावं, खारट आहेत. गाडा पुन्हा लावला का त्याने? आणि माझं १८ तारखेचं लांबलचक पत्र मिळालं का? त्याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. एवढा रंगवून किस्सा लिहिला होता.

काका

*

च्याई, ६ जानेवारी

काका,

लपवलं, चुकलं. आता सगळं सांगते.

२१ तारखेला, रविवारी दुपारी, पहिल्यांदा प्रयोगशाळेचे रिपोर्ट थांबले. अर्ध्या तासात औषधांची यादी गेली, मग रुग्णांची नावं, मग प्रत्येक पडद्यावर एकच मजकूर: तुमच्या फायली आमच्याकडे आहेत, बोला. मी आणि गाओने धावत जाऊन हाताने तारा उपटल्या. उशीर झाला होता, वरातीमागून घोडं. रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या. वॉर्डात नर्स वहीत आकडे लिहीत होत्या. रक्ताचे रिपोर्ट चिठ्ठ्यांवर लिहून माणसांच्या हाती वर पाठवत होते.

सोमवारी सकाळी थ्येन-फू डायलिसिसला आला. पायात जोर नाही म्हणाला. नंबर लागायला वेळ होता, म्हणून त्याचं रक्त घेतलं. पावणेदहाला आकडा आला, पोटॅशियम भलतंच वाढलेलं. एरवी असा आकडा वॉर्डच्या पडद्यावर दहा मिनिटांत लाल होऊन लुकलुकतो आणि डॉक्टर धावतात. त्या दिवशी तो एका चिठ्ठीवर होता आणि ती चिठ्ठी साठ चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात होती. गठ्ठा दोन वाजता वॉर्डात पोचला. थ्येन-फू एकला गेला होता.

मी होते तिथे. म्हणजे, बोलावलं म्हणून गेले, वॉर्डचा पडदा काळा का ते बघायला. तो खुर्चीत बसला होता आणि मला वाटलं झोप लागलीय. आ-ग्वेई त्याचा हात चोळत होती, गार का पडलाय म्हणून.

डॉक्टर मला म्हणाले, एरवीही वाचला असता असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. चांगला माणूस आहे, म्हणून म्हणाला.

राहिलेलं मशीन माझ्यामुळे राहिलं. कुणा डॉक्टरचा दोष नाही. दमले होते, एका खोलीचं दार लावलेलं होतं, उघडायचा कंटाळा केला आणि पुढे गेले. एवढंच. चौकशी समितीलाही तेच सांगितलंय. शिक्का माझाच आहे. कामावरून दूर केलंय मला, निकाल लागेपर्यंत. पुढच्या आठवड्यात आईकडे ताइनानला जाईन.

तुमचं १८ तारखेचं पत्र मला मिळालं नाही. वाऱ्यात कुठेतरी गहाळ झालं असेल. स्क्विड आ-ग्वेईला दिले. तिने घेतले.

पेई-शान

*

शीयू, १० जानेवारी

पेई-शान,

थ्येन-फूबद्दल वाचलं आणि दिवसभर काही सुचलं नाही. संध्याकाळी पुन्हा पत्र हातात घेतलं.

माझं १८ चं पत्र मिळालं नाही म्हणतेस. मग २७ ला माझ्या बोटाची चौकशी कशी केलीस? ते भाजल्याचं मी त्याच पत्रात लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, काकूंनासुद्धा नाही, त्या मिरच्या ओवाळत बसल्या असत्या.

म्हणजे पत्र तुला मिळालं होतं. मिळालं तर मिळालं म्हणायला काय हरकत होती? त्यात बोट होतं, वारा होता आणि एक मशीन होतं. पहिल्यांदा प्रयोगशाळेचे रिपोर्ट थांबले, असं तूच लिहितेस. ते कोण पोचवायचं ते मला माहीत आहे.

पोरी, मी तुला लहानपणापासून ओळखतो. तू बंद दार बघून पुढे जाणारी नाहीस. तू लिहिलं होतंस: आठ मढी, पुडी नसलेली, तशीच सोडली. मी ते वाचलं आणि हसलो. शेंगदाणे खात हसलो! पत्र हातात होतं, पुडी समोर टेबलावर होती, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्या आठांतलं एक म्हणजे माझी म्हातारी होती का? खरं सांग. एका शब्दाचं उत्तर दे.

काका

*

च्याई रेल्वे स्टेशन, ९ फेब्रुवारी

पेई-शान,

तू उत्तर दिलं नाहीस, तेच उत्तर समजलो. न सांगता आलो कारण तू अडवलं असतंस. काल थ्येन-फूचा एकोणपन्नासावा दिवस होता, शेवटच्या पूजेचा. आता परतीच्या गाडीची वाट बघत हे लिहितोय. तुझ्या आईच्या पत्त्यावर टाकतो.

आधी गाओला भेटलो. फाटकाबाहेर उभा राहिलो, तो दिसला, पाटी पुढे केली. मी पाटी-खडू घेऊनच आलोय, बहिऱ्याशी बोलायला लोक कंटाळतात. त्याने आधी बाहीने पाटी पुसली. मग लिहिलं. तू दार उघडलं होतंस. आत गेलीस, विजेरी धरलीस, कापड वर केलंस, मशीनच्या डोक्यावर हात फिरवून पुडी चाचपडलीस. गाओ म्हणाला होता, "आत काहीतरी घरघरतंय का?" कपडे वाळवायचं यंत्र भिंतीपलीकडे चालू होतं, म्हणून तू म्हणालीस, "ते पलीकडचं. हे मेलंय. काकांनी चालू मशीन पुडीशिवाय सोडलं नसतं." आणि कापड पुन्हा नीट पांघरलंस.

मी त्याला विचारलं, निरोप समारंभात मी तुला पुडी ठेवायला सांगितलं होतं का? त्याने नाही अशी मान हलवली. मग माझ्याकडे बघून लिहिलं, 'कदाचित सांगितलं असेल, मी प्यायलो होतो.' तोही तुझ्यासारखाच. मला सांभाळून घेणाऱ्या माणसांचा आता कंटाळा आलाय.

मग समितीकडे गेलो. तिघं होते, येन मधे. मी सगळं लिहून नेलं होतं, चार पानं: मशीन मी लावलं, नोंद केली नाही, बाहेरची वाट मी काढून दिली, खूण मी ठरवली, आणि ती खूण मीच उचलून नेली. माझ्या पुतणीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, हा तिचा गुन्हा. खाली माझा शिक्का मारला. वर पुडी ठेवली, टेबलाच्या मधोमध.

येननी पानं शेवटपर्यंत वाचली. ते रडवेले झाले होते, हे मी कबूल करतो. पाटीवर लिहिलं: 'आपण चार वर्षांपूर्वी निवृत्त झालात. आपल्यावर जबाबदारी येत नाही. यादीवर शिक्का ज्याचा, उत्तर त्याचं.' मी पुडीकडे बोट दाखवलं. दुसऱ्याने लिहिलं: 'खाऊची पुडी पुरावा म्हणून दाखल करता येत नाही.' त्यांच्या मागे प्रिंटर होता आणि प्रिंटरवर हिरवी पुडी होती, नव्या वर्षाची, ताजी. मी त्यांना ती दाखवली. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हा तुझ्यावरचं मी काढू शकलो नाही. प्रयत्न केला एवढंच. तुझ्यावर रागावायला आलो होतो, खोटं बोललीस म्हणून. ते आता जमत नाही. तू माझ्यासाठी स्वतःला आळशी ठरवलंस, जन्मात एक दिवस आळस न केलेली मुलगी. हे मला सहन होत नाही, आणि याला काही इलाज नाही.

शेवटी आ-ग्वेईकडे गेलो. पूजा आटोपली होती. समोर फोटो, फोटोपुढे भात, टर्की आणि केळ्यांचा घड. आता खाऊ दे म्हणाली असेल. मी तिला ती चार पानं वाचायला दिली. तिला वाचायला वेळ लागतो, मी बसून राहिलो. गाडा दाराशी होता, उलटा करून ठेवलेला. थ्येन-फू फोटोत हसत होता, तो हसतानाचाच फोटो लावलाय त्यांनी.

वाचून झाल्यावर ती आत गेली आणि वाटीभर भात घेऊन आली. माझ्यापुढे ठेवला. मी खाल्ला. तोच भात होता, तिच्याच हातचा, पण घास गिळताना मला लाज वाटत होती. मग मी पुडी काढली आणि फोटोपुढे ठेवली. काय म्हणून ठेवली ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तिने ती उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, तारीख वाचली. मग पाटी ओढून घेतली आणि सावकाश लिहिलं:

'ही परत न्या. आमच्या घरात आता चालू ठेवायचं काही उरलं नाही.'

गाडी लागली आहे. पुडी माझ्या खिशात आहे.

काका